पंच कुठे उभे होते

पंचांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा त्यांचे व्याही दवाखान्याच्या दारातच उभे राहून, येणाऱ्याजाणाऱ्यांना नीट ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "चांगलं झालं. फक्त तीस वर्षं उशीर केलात."

एका डोळ्यावर पट्टी असताना उरलेल्या डोळ्याने जेवढं रागावून बघता येतं तेवढं पंचांनी बघितलं. पुढचे काही दिवस त्यांना लेकीकडेच राहायचं होतं, म्हणजे याच व्याह्यांच्या घरात, याच व्याह्यांच्या समोरच्या खाटेवर. पहिल्याच दिवशी तोंडाला तोंड लावण्यात काही अर्थ नव्हता.

पोटापाण्यासाठी पंचांनी जन्मभर घड्याळं दुरुस्त केली, पण गावाला ते ठाऊक होते फुटबॉलचे पंच म्हणून, आणि तेही एकाच मॅचसाठी. बँकेचा संघ विरुद्ध बस डेपोचा संघ, अंतिम सामना, शेवटची काही मिनिटं उरलेली, बरोबरी. बँकेच्या एका पोराने मारलेला बॉल वरच्या बारला आपटला, सरळ खाली पडला आणि उसळून बाहेर आला. रेषेच्या आत पडला की बाहेर? पंचांनी शिट्टी फुंकली आणि गोल दिला. डेपो हरला. लोकांनी मैदानात चपलांचा खच पाडला. दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आलं, की पंच मध्यरेषेजवळ उभे होते आणि तिथून त्यांना बॉल दिसणं शक्यच नव्हतं.

पंच सगळ्यांना सांगत सुटले, "अहो, मी पळत आलो होतो. मी गोलपाशी होतो." कुणी भीक घातली नाही. त्यानंतर त्यांना मोठी मॅच मिळाली नाही, शाळाशाळांच्या तेवढ्या मिळाल्या. तुमचा निर्णय चुकला असं कुणी म्हटलं असतं, तर त्यांनी ऐकून घेतलं असतं. माणूस आहे, चुकतो. पण पळायचा कंटाळा केला आणि लांबूनच शिट्टी मारली, हे त्यांच्या जिव्हारी लागलं होतं. लेक शाळेत जायची तेव्हा पोरं तिलाही विचारायची, तुझे बाबा लांबून काय काय बघतात गं?

आणि त्याच लेकीने पुढे लग्न ठरवलं, ते नेमकं डेपोतल्या एका ड्रायव्हरच्या मुलाशी. बोलणी करायला बसल्यावर ड्रायव्हरसाहेबांनी पंचांकडे बराच वेळ निरखून पाहिलं आणि विचारलं, "तो बारवाला गोल देणारे, ते तुम्हीच का?" पंच हो म्हणाले. ड्रायव्हरसाहेब म्हणाले, "मुलगी चांगली आहे, म्हणून बसतो." तेव्हापासून दोघे भेटले की पाणी पिऊन होण्याच्या आत ती मॅच सुरू व्हायची. "मी तिथेच होतो व्याही, गोलच्या मागे. बॉल बाहेर होता आणि तुम्ही अर्ध्या मैदानावर," असं व्याही म्हणायचे, आणि पंचांना घास गोड लागायचा नाही.

ऑपरेशननंतर पट्टी निघाली, काळा चष्मा आला, आणि एके दिवशी पंचांच्या एका जुन्या पंचमित्राचा फोन आला. एका चॅनेलवर दर रविवारी संध्याकाळी जुन्या मॅचेस दाखवतात, म्हणाला. कुठल्याशा गोदामात फिती सापडल्यात. या रविवारी तुझी आहे.

पंच खाटेवर बसले होते ते उभे राहिले, आणि उभं राहून काय करायचं ते न कळून परत बसले. त्या मॅचचं चित्रण झालं होतं, हेच त्यांना आजवर माहीत नव्हतं. म्हणजे आपण कुठे उभे होतो ते दिसणार. सगळ्यांना दिसणार.

अडचण एकच होती. त्या घरात टीव्ही नव्हता.

टीव्ही एकेकाळी होता, पण जावयाने तो काढून टाकला होता. जावई छापखान्यात पुस्तकांची पानं लावायचं काम करायचा. स्वभावाने गरीब, पण संगणकाच्या बाबतीत त्याची काही तत्त्वं होती आणि ती तो जेवताना सांगायचा. नवे टीव्ही आपल्यावर नजर ठेवतात, म्हणायचा. आपण त्यांना बघत नाही, ते आपल्याला बघतात. त्याचा संगणक चालवायला लिनक्स होतं, सगळ्यांसाठी मोकळं, ज्याला पाहिजे त्याने आतलं यंत्र उघडून बघावं आणि दुरुस्त करावं असं. संगणकाच्या कपाळावर लिनक्सची खूण, पेंग्विनचं चिकटचित्र, लावलेलं होतं. घरात कुणी त्या संगणकाबद्दल वाकडं बोललं, तर जावई मनाला लावून घ्यायचा आणि अर्ध्या ताटावरून उठायचा.

"शेजारी जाऊन बघू," लेक म्हणाली.

"नको," पंच म्हणाले. डॉक्टरांनी धूळ आणि गर्दी दोन्हींची बंदी केली होती हे खरं, पण खरं कारण ते नव्हतं. शेजारच्या घरात डेपोतला आणखी एक ड्रायव्हर राहायचा. तिथे चारचौघांत ती मॅच बघायची पंचांची छाती होत नव्हती.

"बाबा, इथेच बघायची," जावई म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता. "आपल्या संगणकावर. हवेतून येतं ते चॅनेल. एक डबी लागते, एक एरियल लागतो. बाकी सगळं आपल्याकडे आहे."

"टीव्हीचं काम टीव्ही करतो," खाटेवरून व्याही म्हणाले. "संगणकाने ते कशाला करायचं?"

"अण्णा, तुम्ही बघाच."

शनिवारी जावई डबी घेऊन आला. अंगठ्याएवढी, संगणकाच्या पोटात खुपसायची. तिच्या वायरच्या लांबलचक शेपटीला एरियल, वीतभर काडी आणि बुडाशी लोहचुंबक. तो एरियल खिडकीच्या गजाला चिकटला आणि जावई संगणकाच्या पडद्यावरच्या काळ्या खिडकीत पांढरी अक्षरं बडवायला बसला. डबी बनवणाऱ्यांना लिनक्सचं नावही माहीत नव्हतं, त्यामुळे तिला चालवणारा ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला डबीची भाषा समजावून सांगणारा प्रोग्राम, जावयाने कुठकुठून तुकडे जमवून स्वतःच बांधला. मग संगणक हवेत चॅनेल शोधायला लागला. बराच वेळ काही मिळेना. मग एक बाई सापडली, ती न थकता गाद्या विकत होती. आणि तिच्या मागोमाग ते खेळांचं चॅनेल. दोन माणसं बिलियर्ड खेळत होती आणि त्यांच्या बाहीची बटणंसुद्धा मोजता आली असती.

पंचांनी जावयाच्या पाठीवर हात ठेवला. "जावईबापू, मानलं तुम्हाला."

जावई लाजला. व्याही भिंतीकडे तोंड करून झोपले.

इथे सगळं थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण रविवारी दुपारी जेवण झाल्यावर जावई सहज संगणकासमोर बसला, आणि पडद्याच्या कोपऱ्यात एक लाल ठिपका उगवला. अपडेट आले आहेत. दुसरा कुणी असता तर त्याने त्या ठिपक्याकडे काणाडोळा केला असता. पण जावयाला तो ठिपका दिसला की दातात काही अडकल्यासारखं व्हायचं. ते काढल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही. मॅच संध्याकाळी, आता तर कुठे दुपार, आणि सगळं ताजंतवानं असलेलं बरं, असा विचार करून त्याने बटण दाबलं. या जातीच्या माणसांना चालू असलेली गोष्ट चालू राहू देणं जमतच नाही.

संगणक बंद झाला, परत सुरू झाला, आणि डबी मेली.

"काय झालं?" पंचांनी विचारलं.

"काही नाही," जावई म्हणाला. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "अपडेटने लिनक्सचा आतला गाभाच नवा बसवला. मी ड्रायव्हर बांधला होता तो जुन्या गाभ्यासाठी. नव्याला ही डबी कोण, कुठली, काही माहीत नाही."

"म्हणजे ड्रायव्हर गेला?" व्याही उठून बसले. रविवारभरात पहिल्यांदाच त्यांचा चेहरा खुलला होता. "न सांगता गेला? आमच्या डेपोत असं चालायचं नाही."

जावयाने मदत शोधली. जगाच्या कुठल्याशा कोपऱ्यातल्या एका माणसाला अगदी हीच डबी आणि अगदी हीच पीडा झाली होती. त्याने आपलं गाऱ्हाणं पानभर लिहिलं होतं आणि खाली दोन दिवसांनी स्वतःच लिहिलं होतं, "सुटला प्रश्न. सगळ्यांचे आभार." कसा सुटला, ते त्या पठ्ठ्याने लिहिलं नव्हतं. जावयाने कपाळावर हात मारून घेतला. मग तो ड्रायव्हर नव्याने बांधायला बसला. काळ्या खिडकीत अक्षरांचा पूर आला आणि शेवटी एक ओळ आली, तिचा अर्थ नाही जमलं असा होता. त्याने परत बांधला. परत तीच ओळ.

उन्हं उतरायला लागली. पंच खाटेवर बसून होते. त्यांच्या हाताची बोटं गुडघ्यावर वाजत होती. लेक त्यांच्या डोळ्यात थेंब घालायला आली, तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "होईल ना गं?"

लेकीला ते ऐकवलं नाही. ती तडक नवऱ्यापाशी गेली. "काल चालत होतं ना?"

"काल जुना गाभा होता."

"तो कुठे गेला? टाकून दिलास?"

"टाकून कशाला देईन? असतो तो, सुरुवातीच्या यादीत खाली..." जावई बोलता बोलता थांबला. दुपारभर तो नव्याशी झुंजत होता आणि जुना जिथल्या तिथे पडून होता. त्याने संगणक परत सुरू केला, यादीतला जुना गाभा निवडला, आणि डबीवरचा हिरवा दिवा लागला. लेकीने सुस्कारा सोडला. पंचांचा जीव भांड्यात पडला.

तो तिथे फार वेळ राहिला नाही. चॅनेल लागलं, पण पडद्यावर नुसते रंगीत चौकोन. समोरच्या इमारतीत कुणीतरी राहायला येत होतं आणि त्यांच्या सामानाचा भलामोठा टेम्पो खिडकीला चिकटून उभा होता. जावई एरियल घेऊन घरभर फिरला. कपाटावर नाही, दारावर नाही, न्हाणीघरात नाही. खिडकीच्या सगळ्यात वरच्या टोकाला, पडद्याच्या दांडीच्याही वर, हातभर बाहेर धरला की चित्र येत होतं. ठेवला की जात होतं. दोरीने बांधला, गेलं. काठीला बांधून काठी टेकवली, गेलं. हातात धरला की आलं. माणसाच्या अंगातून काही जात असावं.

आता धरणार कोण? जावई संगणकापाशी पाहिजे. लेकीचा हात पोचेना. पंचांना हात वर करायची डॉक्टरांनी मनाई केलेली. तिघांनी एकदमच व्याह्यांकडे पाहिलं. व्याही उंच होते आणि आयुष्यभर बसचं मोठं चाक फिरवून त्यांचे हात लांब आणि कणखर झाले होते.

"मी?" व्याही म्हणाले. "मी त्यांच्यासाठी तारा धरून उभा राहू?"

"अण्णा," सून म्हणाली, "बॉल बाहेर होता असं तुम्हीच म्हणता ना? मग दिसू दे की सगळ्यांना."

व्याह्यांनी स्टूल खिडकीपाशी ओढलं. ते स्टुलावर चढले, एरियल घेतला आणि हात बाहेर काढला. चित्र स्वच्छ आलं. अडचण एवढीच, की संगणकाचं तोंड खोलीच्या आतल्या बाजूला होतं आणि खिडकीतून त्याची फक्त पाठ दिसायची. सगळ्या घरात ती मॅच न दिसणारा एकच माणूस उरला आणि मॅच त्याच्याच हातात होती.

मॅच सुरू झाली. पळणाऱ्या खेळाडूंच्या कडांना कंगव्यासारखे दात फुटत होते. जावयाने एक बटण दाबलं तसे ते गेले. "हे सगळं साठवूनही ठेवतोय मी," तो म्हणाला. "मागे जाता येईल." मग पडद्यावर एक काळ्या कपड्यातला तरुण आला, दाट केसांचा, सडपातळ.

"बाबा, हे तुम्ही?" लेक ओरडली. "पोट कुठे गेलं?"

"त्यांचं पोट नंतर आलं," खिडकीतून आवाज आला. "काय चाललंय? सांगा की कुणीतरी!"

"थ्रो आहे," पंच म्हणाले.

"कुणाचा?"

"बँकेचा."

"बॉल बाहेर गेला होता का पण?"

"गेला होता."

"तुम्हाला काय दिसतंय! सूनबाई, तू सांग."

"गेला होता, अण्णा."

असं चाललं होतं. डेपोने गोल केला, तेव्हा तो तीस वर्षांपूर्वी झालेला आहे हे विसरून व्याह्यांनी स्टुलावरच उडी मारली आणि चित्र हललं. बँकेने बरोबरी केली, तेव्हा व्याही म्हणाले, "ऑफसाइड." पंच म्हणाले, "तुम्हाला तर दिसतही नाहीये." व्याही म्हणाले, "मला दिसायची गरज नाही."

लेक आणि जावई हसत होते. पंच पहिल्या अर्ध्यात हसले, मग त्यांचं हसणं हळूहळू थांबलं. पडद्यावरचा तो सडपातळ तरुण दमत चालला होता. दुसरा अर्धा सुरू झाला तेव्हा तो बॉलच्या मागे मागे राहायला लागला, आणि एकदा तर चक्क चालताना दिसला. कमरेवर हात ठेवून, मध्यरेषेजवळ.

आपण दमलो होतो हे पंचांना आठवतच नव्हतं. त्यांना आठवत होतं ते पळणं, गोलकडे, जीव तोडून. पण ते खरंच झालं होतं, की तीस वर्षं सांगून सांगून तयार झालं होतं? पेपरवाल्याला खोटं लिहून काय मिळणार होतं? हजारो लोकांनी पाहिलं आणि एकटा मीच वेगळं सांगत राहिलो. त्यांना पहिल्यांदाच वाटलं, बंद करावा हा संगणक. सांगावं, डोळा दुखतोय.

"बाबा, बरं वाटत नाहीये का?" लेकीने विचारलं.

"बघू दे," पंच म्हणाले.

शेवटची मिनिटं आली. डेपोचा हल्ला परतवून बँकेच्या एकाने लांब बॉल मारला. कॅमेरा बॉलच्या मागे धावला, पंच चित्राच्या बाहेर राहिले. बॉल बँकेच्या त्या पोराच्या पायाशी आला. समालोचकाचा आवाज चढला. पोराने पाय मागे नेला.

"मारतोय," लेक ओरडली, "अण्णा, मारतोय तो!"

तीस वर्षं जे आपण गोलच्या मागून पाहिलं असं सांगितलं, ते आता आपल्या पाठीमागे चार पावलांवर होतंय आणि आपण टेम्पोकडे बघत उभे आहोत, हे व्याह्यांना सहन झालं नाही. त्यांनी स्टुलावरून उडी टाकली आणि हातात एरियल तसाच घेऊन संगणकाकडे धावले. बॉल बारकडे निघाला, आणि पडद्यावर चौकोनच चौकोन झाले. समालोचकाचा आवाज तुटला. डबीची शेपटी पायात अडकून एरियल कपाटामागे जाऊन पडला.

मग पंच उभे राहिले.

"मुद्दाम केलंत," ते म्हणाले. "मुद्दाम! तुम्हाला बघायचंच नव्हतं मी कुठे होतो ते."

"मी बघायला आलो हो!" व्याही म्हणाले. आयुष्यात प्रथमच ते कानकोंडे झाले होते. "शपथ घेऊन सांगतो, बघायलाच आलो."

"तीस वर्षं थांबलो मी यासाठी. परत दाखवणार नाहीत ते."

"भांडू नका," जावई म्हणाला. तो काळ्या खिडकीवर वाकला होता. "साठवलंय म्हटलं ना. जेवढं आलंय तेवढं आत आहे. एकेक चित्र बघू."

त्याने मॅच मागे नेली आणि एकेक चित्र पुढे सरकवायला लागला. पोराचा पाय मागे. पोराचा पाय पुढे. बॉल हवेत. बॉल बारला. मग चौकोन. मग हिरवे चौकोन, आणि त्यात कुणाचं तरी अर्धं डोकं. परत चौकोन. चारी जण पडद्याला नाक लावून उभे होते. चौकोन. चौकोन. आणि मग मधूनच कसं कोण जाणे, एक अख्खं चित्र आलं, लख्ख, काडीचाही बिघाड नसलेलं.

गोल, त्याची जाळी, जमिनीवर पडलेला गोलकीपर. आणि सगळ्यांच्या पुढे, गोलच्या खांबापासून हात लांब केला तर लागेल इतक्या अंतरावर, काळ्या कपड्यातली एक पाठ. पाय पळण्यात अर्धे उचललेले, मान पुढे काढून जमिनीकडे वाकलेली.

"बॉल कुठाय?" व्याही म्हणाले.

जावयाने पुढचं चित्र घेतलं. चौकोन. मागचं घेतलं. चौकोन. परत तेच आणलं.

"बॉल बाबांच्या पलीकडे आहे," लेक म्हणाली. "बाबांनीच झाकलाय."

एवढ्या वर्षांनी पुरावा सापडला होता आणि पंच स्वतःच त्याच्या आड उभे होते. जावयाला आधी हसू फुटलं, मग लेकीला, आणि मग हसता हसता ती रडायला लागली आणि तिने बापाच्या गळ्यात हात टाकले. "तुम्ही तिथे होतात, बाबा," ती म्हणत होती. "तुम्ही तिथेच होतात." पंचांच्या चष्म्याखालून पाणी वाहत होतं आणि ते त्या पाठीकडे बघत होते. घामाने सदरा चिकटला होता त्या पाठीला. कुणीतरी त्या माणसाला शाबास म्हणायला पाहिजे होतं, असं त्यांना फार वाटलं.

व्याही हसले नाहीत. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं, खांबापासून पाठीपर्यंत नेलं, परत खांबापाशी आणलं. जन्मभर अरुंद रस्त्यातून बस काढलेला माणूस. अंतर मोजताना तो कधी चुकला नव्हता.

"तुम्ही तर तिथेच होतात," ते अखेर म्हणाले.

"तेच तर सांगत होतो," पंच म्हणाले.

व्याह्यांनी मान हलवली. मग ते गुडघ्यावर बसले, कपाटामागे हात घालून एरियल काढला, त्याच्यावरची जळमटं पुसली आणि परत स्टुलावर चढले.

"अण्णा, राहू दे आता," जावई म्हणाला.

"राहू दे कसं? मॅच संपली नाहीये अजून." त्यांनी हात खिडकीबाहेर काढला, होता त्याहून वर. "लाव पुढे. त्यांना बघू दे नीट. मी धरतो."

चित्र परत आलं. मॅच नुकतीच संपली होती. बँकेची पोरं एकमेकांना खांद्यावर घेऊन नाचत होती, आणि मैदानाच्या मधून काळ्या कपड्यातला तो सडपातळ तरुण एकटाच बाहेर निघाला होता, मान खाली घालून.

"आता काय चाललंय?" खिडकीतून व्याह्यांनी विचारलं.

पंच म्हणाले, "चपला पडतायत."

व्याह्यांचा हात भरून आला असावा, पण चित्र जरासुद्धा हललं नाही.

"त्यात एक माझी होती," ते म्हणाले. मग टेम्पोकडेच बघत, "तुम्हाला लागली नसणार. मी गोलमागे नव्हतो. त्या पलीकडच्या टोकाला पाण्याची टाकी होती ना, तिच्यावर बसलो होतो. फार लांब होतो मी."

"नाही लागली," पंच म्हणाले.